खूश्वेईच्या उंच पायांची जत्रा

खूश्वेई म्हणजे कडू पाणी. चीनच्या कांसू प्रांतात, लांझोऊपासून वायव्येला ज्वांगलांग नदीकाठी हे गाव आहे. एरवी त्याचं नाव गुलाबासाठी घेतलं जातं. मी मात्र गेलो ते तीन मीटर आणि त्याहूनही उंच काठ्या पायांना बांधून निघणारी मिरवणूक पाहायला.

ती निघते चिनी दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला. त्या दिवशी ड्रॅगन डोकं वर काढतो, अशी समजूत. आपल्या पंचांगात ती बहुतेक वर्षी फाल्गुन शुद्ध द्वितीयेच्या आसपास येते. अधिक महिन्यांचा मेळ बसला नाही की चैत्रात सरकते. २०२७ मध्ये ९ मार्चला आहे.

शीआनहून वेगवान रेल्वेने लांझोऊ सुमारे तीन तास. तिकिटाला पासपोर्ट लागतो. मुक्काम लांझोऊतच करा आणि पहाटे गाडी ठरवून निघा. अख्ख्या चीनचं घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे इतक्या पश्चिमेला मार्चच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर उजाडतं. थंडी बोचरी असते, कानटोपी हवीच.

पहाटे का, तर खरा खेळ मिरवणुकीआधीच असतो. एवढ्या उंच काठ्या जमिनीवर बसून बांधताच येत नाहीत. माणसं उंचावर बसतात, पाय खाली सोडतात, आणि मग काठ्या पायांना आवळल्या जातात. तोंडं छिनछ्यांग या तिथल्या संगीतनाटकासारखी रंगवलेली, अंगावर सेनापतींचे झगे. पायजमे इतके लांब की काठी पार झाकली जाते. एकदा उभं राहिलं की स्थिर थांबता येत नाही. तोल सांभाळायला पावलं टाकतच राहावी लागतात. म्हणून मिरवणूक अडली की खालच्यांचीच धांदल जास्त.

ही कला किती जुनी? गावकरी युआन राजवटीच्या अखेरीकडे, म्हणजे सातेकशे वर्षं मागे बोट दाखवतात. काठ्यांवर चालणं त्याहून फार जुनं. लिएझी या प्राचीन ग्रंथात सुंग राज्यातला एक कसरतपटू आहे: शरीराच्या दुप्पट लांब काठ्या नडग्यांना बांधून तो राजापुढे धावतो आणि सात तलवारी झेलतो, त्यातल्या पाच कायम हवेत! पुढे गावोगावच्या मंडळ्यांनी हा खेळ नववर्षाच्या शहुओ उत्सवात घेतला. स्त्रीपात्रं पुरुषच रंगवायचे. बालगंधर्वांच्या मुलखातून गेलेल्याला त्याचं नवल नाही. सांस्कृतिक क्रांतीत अशा जत्रांवर गदा आली, नंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत खूश्वेईबरोबर ल्याओनिंग प्रांतातल्या हायचंग आणि ल्याओशी इथल्या मंडळ्यांची परंपराही आली. हायचंगच्या काठ्या आखूड, म्हणून तिथे सनईसारख्या सुओनावर धमाल नाच होतो. खूश्वेईत उंचीपायी नाच गेला, चाल उरली. मला ती चालच आवडली. माणसं नव्हे, देवळाचे खांब निघालेत असं वाटतं.

माझी चूक तुम्ही करू नका. पुढे घुसून अगदी कडेला उभा राहिलो आणि अर्धा तास नुसते पायजमे पाहिले. मागे सरका, किंवा कुणाच्या गच्चीत जागा मिळते का बघा. बांधाबांध चालू असताना काठ्यांना हात लावू नका. मीही लावणारच होतो, एका आजोबांनी डोळे वटारले.

खाण्याचं: लांझोऊच्या प्रसिद्ध नूडल्सचा रस्साच गोमांसाचा असतो, नुसते तुकडे काढून भागत नाही. न खाणाऱ्यांनी वाळवलेली लाल बोरं घातलेली वाटाण्यांची गोड पेज, ‘हुईदौझ’, मागावी. पैसे अलीपे या मोबाइल अ‍ॅपवर; आपलं कार्ड घरूनच जोडून न्या. गुलाब या दिवसांत फुललेले नसतात, वाळवलेल्या पाकळ्या मात्र मिळतात. ताटवे बघायचे तर मेअखेर जावं लागेल, पण तेव्हा काठ्या नसतात. आणि परतीची गाडी गावाबाहेर उभी करायला सांगा, मिरवणूक सुटल्यावर आमची तासभर जागची हलली नाही.