पितळेचा चट्टा

रात्र, पावणेबारा.

टेप सोडवली आणि छोट्या मॉडेल विमानाच्या डाव्या पंखावरचा पितळी रंग तिच्याबरोबर निघून आला. चार मिलिमीटरचा चट्टा. खालचा काळा दिसतोय. दिवा बंद करून पुन्हा लावला. चट्टा तिथेच.

चूक कळतेय. माक्कीचं एम.सी. ७२, म्हणजे इटलीचं शर्यतीचं सागरी विमान, रंगवायचं तर लाल आधी, पितळ शेवटी. लालच्या खाली पांढरा प्राइमर, नाहीतर लाल विटकरी दिसतो. पितळेखाली चकचकीत काळा, आणि तो पुरता वाळायला दोन दिवस द्यायचे, एक रात्र नाही. वर धातूचा रंग पातळ, तीन-चार हातांत, एअरब्रशचा दाब १५ पीएसआयच्या आसपास. हा थर नाजूक, त्याच्यावर टेप लावायचीच नसते. इथे क्रम उलटा झाला. मग टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा मारला तरी काय उपयोग?

एवढ्याशा चट्ट्याने इतकं का लागावं? दुसऱ्या विमानाच्या पंखावर असता तर कदाचित नसतं लागलं. पण या विमानाचा पंखच रेडिएटर. वेगळा रेडिएटर हवेत उभा केला तर तो वेग खातो, म्हणून त्याचा रचनाकार कास्तोल्दी याने पंखांच्या पृष्ठभागावरच चपट्या नळ्या बसवल्या आणि २४ सिलिंडरांच्या इंजिनाचं पाणी त्यांतून फिरवलं. बाकी बहुतेक लाल, पंखांवरचा धातू उघडा. डोळा आधी तिथेच जातो. १:४८च्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या, मापात चार मिलिमीटर म्हणजे खऱ्या पंखावर १९ सेंटीमीटर. जवळजवळ वीतभर.

वीतभर. सारखं तेच मनात येतंय.

या विमानाच्या चाचण्यांत गेलेले वैमानिक मोंती आणि बेल्लिनी आठवले. ते आज नको.

आख्खा पंख पुन्हा मारावा, असं वाटून गेलं. पण रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर धरला तरी या मापात तो २.४ मिलिमीटर होतो. आणखी एक थर चढला की नळ्यांच्या रेघा बुजल्या. म्हणजे चट्टा जाईल आणि पंखही जाईल. त्यापेक्षा कडा ओल्या बारीक स्पंजने घासायच्या, काळ्याचा एक ठिपका द्यायचा, आणि कागदाला भोक पाडून तो पंखाच्या दोन-तीन मिलिमीटर वर धरून पितळ फवारायचं. कागद टेकवला तर कड उमटते. कुंचल्याने लावलं तर चमक वेगळी पडते.

तरीही दुरुस्ती थोडी दिसेलच. दिसू दे. चिंच लावून घासलेला तांब्यासुद्धा दुसऱ्या दिवशी एकसारखा राहत नाही. आणि हे यंत्र तरी पहिल्या फटक्यात कुठे जमलं होतं? १९३१च्या श्नायडर शर्यतीला, म्हणजे सागरी विमानांच्या शर्यतीला, ते पोचलंच नाही, वेग वाढला की कार्ब्युरेटरमध्ये उलटा भडका उडायचा. मग २३ ऑक्टोबर १९३४, गार्डा सरोवर, वैमानिक आजेल्लो, ताशी ७०९.२०९ किलोमीटर. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो आकडा आजही कुणी ओलांडलेला नाही.

उद्या पंख आणि तरंगे (पाण्यावर टेकणारे फ्लोट) ताणून धरणाऱ्या तारा. ०.३ मिलिमीटरचं ड्रिल, तारेच्या जागी लवचीक धागा, एक डावी एक उजवी अशा आळीपाळीने ओढायच्या, नाहीतर तरंगा एका बाजूला खेचला जातो. सुपरग्लू टाचणीच्या टोकाने, कॉकपिटच्या काचेपासून लांब, कारण त्याच्या वाफेने काच पांढरी पडते.

वरची डावी तार दोन मिलिमीटर सरकवली तर चट्ट्यावरून जाईल. सरकवायची नाही. भोक आराखड्यात जिथे आहे तिथेच पाडायचं.