लँडिंगचा खड्डा बुजला, पण मिरग तोंडावर

शनिवारी आमच्या बेसबॉलच्या पोरांनी अंधार पडेस्तोवर पिचिंग केलं आणि माउंडला, म्हणजे पिचर ज्यावरून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्याला, खड्डा पडला नाही! मागचे रिपोर्ट वाचलेल्यांना ही बातमी केवढी मोठी, ते सांगायला नको.

आमची तांबडी माती म्हणजे जांभ्याचा चुरा. सुकी असली की भुसभुशीत, पाणी मारलं की वरून घट्ट आणि आतून सैल. चार-पाच चेंडू टाकेपर्यंत पुढचा पाय पडतो तिथे, लँडिंगच्या जागी, वाटीएवढा खळगा. मग पुढचा पोरगा त्यात पाय टाकायला बिचकतो, पाऊल आखडतं घेतो आणि चेंडू बॅटरमागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून. पालक बाहेरून ओरडतात, कंट्रोल ठेव! अहो, पाय ठेवायला जागा नाही तिथे कंट्रोल कुठून आणायचा?

क्रिकेटवाल्यांचा सल्ला वारुळाच्या मातीचा. माती उत्तम, वाद नाही. पण सातेरीच्या मुलखात, जिथे वारूळच देवी म्हणून पुजतात, तिथे वारुळाला फावडं कोण लावणार? आमच्या प्रशिक्षक मास्तरांनी विषय तिथेच संपवला. "ती देवी आहे रे. दुसरं काहीतरी बघ."

दुसरं म्हणजे गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभाराकडची चिकणमाती. नुसती भरली तर सुकताना आकसते आणि भेगा पडतात. अमेरिकेत रबरासमोर (पिचर मागचा पाय टेकवतो ती माउंडवरची पट्टी) आणि लँडिंगच्या जागी न भाजलेल्या विटा बसवतात, हे ठाऊक होतं. तशा इथे कोण करून देणार, हाच प्रश्न होता. कुंभारकाका आधी हसले. "भाजायच्या नाहीत तर मग विटा कशाला?" पण दिल्या करून, चाळलेली बारीक रेती मिसळून. पहिली खेप मे महिन्याच्या उन्हाने बसवायच्या आधीच तडकवली. दुसरी गोणपाटात गुंडाळून ओलसरच आणली, सांधे चुकवून लावली, वर प्लास्टिक अंथरून चोपण्याने चोपली. लोखंडी धुम्मस आणला होता, पण खळं करायच्या चोपण्याची सर त्याला नाही: धुम्मसाने विटेचे कोपरे फुटतात, चोपण्याने विटा एकमेकींत बसतात. वर तांबड्या मातीचा पातळ थर, रात्री ओलं गोणपाट आणि त्यावर ताडपत्री. ओल टिकली तर माउंड टिकतो. बाहेरून येणाऱ्या तयार मातीच्या पोत्यांचा भाव मी विचारला होता. त्या पैशांत कॅचरचं सगळं साहित्य येईल.

उताराचं काम मात्र झटकन झालं. गवंड्याची लेव्हल ट्यूब आणि दोरी, बस्स. आमचा माउंड छोट्यांचा: बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून ४६ फूट, उंची ६ इंच. मोठ्या पोरांना लगेच १० इंची हवाय, तोही ६० फूट ६ इंचांवर. एकाने तर १५ इंच करूया म्हटलं. मास्तरांनी त्याला बसवून १९६८ ची गोष्ट सांगितली: पिचर बॉब गिब्सनचा १.१२ चा ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली), बॅटर हैराण, आणि १९६९ पासून अमेरिकेतल्या मेजर लीगने माउंड १५ इंचांवरून १० वर आणला. पोरगा म्हणतो, "म्हणजे १५ च बरा ना, मास्तर!" पिचरच तो.

मास्तरांबद्दल नव्यांना एवढंच सांगतो: स्कूटरच्या पायाजवळ बेसेसची गोणी ठेवून हा माणूस उभं आयुष्य मैदानावर येत राहिला. मानधन नाही. चुन्याच्या रेषा अजून स्वतः मारतात, दुसऱ्याची वाकडी जाते म्हणून. त्यांच्या हाताखाली सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलींची पोरं आता आमच्याकडे पिचिंग शिकतात. माउंडसाठी कोपऱ्यातली जागा मिळाली, तीही त्यांच्या शब्दावर. फुटबॉलच्या गावात मैदानाच्या मधोमध उंचवटा मागायची आमची प्राज्ञा नाही. मॅच सपाटीवरच होणार. हा माउंड सरावाचा.

आता पाऊस. सालाचे ३००० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ताडपत्री वरचं पाणी अडवेल, पण कुंपणाच्या बाजूने झिरपणारं? बेत असा होता की चर खणायचा आणि चिऱ्यांची एक रांग लावायची. पण हे लिहितानाच वाटतंय, पावसाळ्यात तिथे पिचिंग होणारच नाही, तर एवढा खटाटोप कशाला? वरचा थर आणि विटा काढून गोणपाटात भरून शेडमध्ये ठेवल्या तर ऑक्टोबरात पुन्हा चोपता येतील. चर मात्र खणायचाच, नाहीतर बूड वाहून जाईल.

आणि शेडमध्येच मरीन प्लायचा सुटा माउंड करायचा. ६ इंच उंच, दोन तुकड्यांत, दोघांना उचलता येईल असा. वर मॅट कसली? सिंथेटिक टर्फ महाग, शिवाय त्याचं टोक उचकटतं. मास्तर म्हणतात काथ्या लाव, नारळाच्या मुलखात बाहेर कशाला बघतोस. पोरं सपाट तळव्याच्या बुटांत खेळतील, स्टड चालणार नाहीत. मला शंका एकच, दमट हवेत काथ्यावर मागचा पाय सरकतो का? कोणी वापरून पाहिलं असेल तर प्लाय कापायच्या आधी कळवा. सुतार रविवारी येतोय.