चेकडिस्क नंतर, आधी कॉपी

हार्ड डिस्कवरचा फोल्डर उघडताना मिनिटभर नुसतं गोल फिरत राहतं, मग 'करप्टेड अँड अनरीडेबल' असा संदेश येतो. बहुतेकांचा हात लगेच चेकडिस्ककडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो. कृपया थांबा. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशेब जुळवते, तुमच्या फाइल वाचवणं हे तिचं काम नाही. जी नोंद जुळत नाही ती छाटली जाते आणि 'फाउंड' नावाच्या फोल्डरात सीएचके तुकडे उरतात, ज्यांना ना नाव ना पत्ता. 'आर' पर्याय दिला तर ती डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचायला घेते, आणि टेकीला आलेल्या डिस्कला तेवढे तास झेपतीलच असं नाही.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो त्या नोंदीचे, चार आकडे बघा: ०५, सी५, सी६ आणि सी७. रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) तिथे बहुधा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दिसते, त्यामुळे १० म्हणजे १६. ०५ म्हणजे खराब झाल्याने बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे ड्राइव्हला वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. सी६ म्हणजे स्वतःच्या तपासणीतही न सुधारलेले. सी५ किंवा सी६ शून्यापलीकडे असेल तर त्या ड्राइव्हवर आता काहीही लिहू नका. सी७ म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणाऱ्या) असतो. केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा. जुना आकडा कमी होत नाही, तो पुढे वाढतो का एवढंच पाहायचं.

चारही आकडे स्वच्छ, तरी कॉपी केलेल्या झिप फुटतात? मग रॅमवर संशय घ्या. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर डिस्कला दोष देणं थांबवा.

ड्राइव्ह टकटक वाजत असेल तर ताबडतोब बंद करा. तिथे कुठलाही प्रोग्राम उपयोगाचा नाही, काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तर करूच नका, प्लॅटरवर (आतल्या फिरत्या तबकडीवर) दव धरतं.

आवाज नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर थेट सुरू होतो त्या पेन ड्राइव्हवरून, डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम चालवा. तितक्याच किंवा मोठ्या क्षमतेचा दुसरा ड्राइव्ह लागतो. ड्राइव्हची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही कमांड चालवून क्षमता आणि सीरियल नंबर दोन्ही ताडून घ्या. मूळ आणि नवा यांची अदलाबदल झाली की सगळं संपलं. पहिल्या फेरीत 'डी' आणि 'एन' पर्याय द्या: सहज वाचता येतं ते आधी निघतं, खराब भाग खरवडायचं काम मागे राहतं. थेट ड्राइव्हवर लिहायचं तर 'एफ'ही लागतो. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून 'आर३', म्हणजे खराब जागांवर तीन प्रयत्न. दोन्ही वेळा मॅप फाइल, म्हणजे डीडीरेस्क्यूची प्रगतीची नोंद, तीच. ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह यूएसबीच्या डेस्कटॉपवर ठेवलीत तर मशीन रीस्टार्ट होताच गेली, कारण तो डेस्कटॉप सहसा रॅममध्ये असतो, आणि कुठवर वाचून झालं हे फक्त त्या फाइलला ठाऊक असतं. ड्राइव्हवर छोटा पंखा सोडून ठेवा.

पुढचं सगळं नव्या प्रतीवर. टेस्टडिस्क या प्रोग्रामने विभाजन (पार्टिशन) शोधा, फाइल्सची यादी उघडून तिसऱ्या जागी कॉपी करा. जमलं नाही तर फाइल शोधून काढणारा फोटोरेक, पण त्यात फाइलची नावं जातात. चेकडिस्क चालवायचीच तर आता, आणि या प्रतीवरच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, तिच्याशिवाय प्रत निरुपयोगी.

जुना ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट केला की सी५ अनेकदा शून्यावर येतो आणि तो बरा झाल्यासारखा वाटतो. ०५ कडे बघा. लिहिताना खराब सेक्टरना बदली जागा मिळाली असेल, तर तो आकडा चढलेला दिसेल.