कच्ची केळी आणि १०४ वर्षांचे जजसाहेब

गेल्या महिन्यात अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात आमचा नागरिकत्वाचा शपथविधी झाला. आत शिरतानाच ग्रीन कार्ड काढून घेतात. इतकी वर्षं पासपोर्टपेक्षा जास्त जपलेलं ते कार्ड बाईंनी बाकीच्यांच्या गठ्ठ्यावर टाकलं आणि वर रबरबँड चढवला. संपलं! काळ्या झग्यातले जज आले, त्यांनी शपथ दिली आणि नंतर खाली उतरून एकेकाशी हस्तांदोलन केलं.

रात्री बाबांना फोन केला. ते सांगलीच्या कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे दप्तर सांभाळणारे वरिष्ठ कारकून होते, ५८ पूर्ण होताच शाल-नारळ घेऊन घरी आलेले. अभिनंदन राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "तिकडे जजसाहेब रिटायर कधी होतात रे?"

"होतच नाहीत."

मग त्यांना वेस्ली ब्राऊन यांची गोष्ट सांगितली. जन्म १९०७चा, इथून तासाभरावरच्या हचिन्सनचा. वकिली केली, सदतिशीत नौदलात गेले, पुढे दिवाळखोरीची प्रकरणं पाहिली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना विचिटात फेडरल जज नेमलं. आपल्याकडे हायकोर्टाच्या न्यायाधीशाला ६२, सुप्रीम कोर्टाच्या ६५. इथे घटनेत वयाचा उल्लेखच नाही. वर्तन चांगलं आहे तोवर खुर्ची तहहयात. पगारही कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग, आणि आजवर तसे जेमतेम ८ न्यायाधीश घालवले गेलेत.

१९७९ मध्ये ब्राऊन 'सीनिअर' झाले. म्हणजे काम कमी करा, हवं तर घरी बसा, पगार चालूच. तरी हा माणूस पुढची तीसेक वर्षं कोर्टात येत राहिला. चौथ्या मजल्यावरच्या दालनात जायला कित्येक वर्षं जिनाच वापरायचे. शंभरी उलटल्यावर नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावून सुनावणी चालवायचे. खटला लांबणार असं दिसलं की वकिलांना बजावायचे, या वयात मी हिरवी केळीसुद्धा विकत घेत नाही.

हा विनोद मला समजला तो इथल्या दुकानात. आपल्यासारखी आढीत पिकवलेली, डाग पडलेली केळी इथे क्वचित दिसतात. हिरवट फणा आणायचा, ओट्यावर ठेवायचा आणि चार दिवस वाट बघायची. तेवढाही भरवसा कोण देणार!

खरं सांगायचं तर मला ही तहहयात भानगड पूर्णपणे पटत नाही. शंभरीतल्या माणसाने कुणाला दहा वर्षं आत पाठवायचं म्हणजे आरोपीच्या पोटात गोळा येणारच. ब्राऊन यांना ते कळत असावं; माझी बुद्धी चालेनाशी झाली तर स्पष्ट सांगा, असं त्यांनी जवळच्या सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. पण तेवढं सांगायची छाती किती जणांची असते? आपल्या घरातल्या आजोबांच्या हातून स्कूटरची किल्ली काढून घेताना काय रामायण होतं, आठवा.

जानेवारी २०१२ मध्ये ते गेले, १०४व्या वर्षी, पदावर असतानाच. अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या वयापर्यंत पदावर राहिलेला दुसरा फेडरल न्यायाधीश नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. फोन कट झाला की काय, म्हणून मी 'हॅलो, हॅलो' करू लागलो.

"आहे, आहे," ते म्हणाले. "जजसाहेबांचं ठीक आहे. त्यांचा शिरस्तेदार कधी सुटला?"