कथेचं शेक्सपिअरी नाटक करताना आधी निवेदक काढा

आजच्या एखाद्या कथेचं शेक्सपिअरच्या धाटणीचं नाटक करायला बसलं की पहिला मोह होतो तो पात्रांच्या तोंडी 'हा दैवा!' वगैरे घालण्याचा. ती झूल शेवटी चढवली तरी चालते. खरी अडचण निवेदकाची असते. कथेत निम्मं काम 'तिला वाटलं', 'त्याच्या लक्षात आलं' अशी वाक्यं करतात, आणि रंगमंचावर नुसतं वाटलेलं कुणाला दिसत नाही.

म्हणून कथेची प्रत आणि दोन पेन्सिली घ्या. घडतं ते निळ्याने अधोरेखित करा, वाटतं ते लालने. सगळी पानं लाल झाली तर दुसरी कथा शोधा. लाल वाक्यांपैकी जिथे निर्णय अजून व्हायचा आहे, तेवढीच स्वगताला द्या. स्वगत हा स्वतःशी घातलेला वाद असतो. डंकनला मारण्याआधी मॅकबेथ न मारण्याची कारणं मोजतो: हा आपला नातलग, आपला राजा, आज आपला पाहुणा, शिवाय सज्जन. हाताशी उरते ती नुसती महत्त्वाकांक्षा. सुरुवातीला आणि शेवटी पात्राचं मत तेच राहत असेल, तर ते स्वगत कापा. उरलेलं लाल मित्र, नोकर, विदूषक यांच्याशी बोलण्यात जिरवा.

आता छंद. शेक्सपिअरची मूळ ओळ दहा अक्षरांची, पाच आघातांची. मराठीत नुसती दहा अक्षरं मोजून तो परिणाम येत नाही, कारण आपलं पद्य आघातावर चालत नाही. चौदा अक्षरं, आठव्यानंतर यती (म्हणजे छोटा थांबा), यमक नाही, हा साचा बोलायला सोपा जातो: 'दार उघडे ठेवून | गेले कुणीतरी'. पण प्रत्येक वाक्य ओळीच्या शेवटी संपवलंत तर तासाभरात पाळणा हलल्यासारखं वाटू लागेल. दर तीन-चार ओळींत एखादं वाक्य पुढच्या ओळीत सांडू द्या. विनोदी पात्रं, नोकरचाकर आणि भान सुटलेली माणसं गद्यात बोलू द्यावीत. यमकाची जोडओळ प्रवेशाच्या शेवटी, तीही क्वचित. 'तू' आणि 'आपण' यांची अदलाबदल मात्र सढळ हाताने वापरा. भांडणाच्या मध्येच कुणी 'आपण' म्हणू लागलं की रंगसूचनेची गरज उरत नाही.

मोबाइल काढून टाका. निरोप क्षणात पोचला की कथानकच संपतं. रोमिओपर्यंत फ्रायर (ख्रिस्ती साधू) लॉरेन्सचं पत्र पोचत नाही, कारण ते नेणारा फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून घरात कोंडला जातो. सगळी शोकांतिका त्या उशिरावर उभी आहे. मेसेजच्या जागी पत्र किंवा निरोप्या आणा आणि त्याला वाटेत अडवा.

शेक्सपिअरच्या ग्लोब या नाट्यगृहात खेळ दुपारच्या उजेडात व्हायचे, त्यामुळे रात्र बोलून दाखवावी लागे. 'अंधार होतो' ही सूचना खोडा आणि पहिल्या दोन ओळींत कुणालातरी मशाल मागू द्या.

शेवट सगळ्यात जास्त फसतो. आजची कथा अर्ध्या वाक्यावर थांबू शकते. समोरचा पडदा नसलेल्या त्या मंचावर मेलेला नट उठून जाऊ शकत नव्हता, त्याला उचलून न्यावं लागे. म्हणून 'हॅम्लेट'च्या अखेरीस नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येतो, प्रेतं उचलायला सांगतो, तोफा डागवतो. तुमच्या कथेत असा उरलेला माणूस नसेल, तर तो पहिल्याच अंकात पेरून ठेवा.