पांढरे तळहात

चार वर्षांची मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तीन दिवस ताप, सकाळपासून उलट्या, तीन वेळा पातळ शी. आधी दाखवलेल्या ठिकाणी पोटाचा संसर्ग म्हणून औषध दिलं होतं. मीही तेच लिहायला घेतलं होतं.

"थंडी वाजून येते का हो ताप?"

"नाही डॉक्टर, नुसती तापते. पण हिचे हात बघा ना, कसे पांढरे पडलेत."

आईनं तिचा तळहात माझ्यासमोर उघडून धरला. मी माझा हात शेजारी ठेवला आणि पेन खाली ठेवलं. तीन दिवसांच्या जुलाबानं मूल सुकतं, असं पांढरं पडत नाही. पोट तपासलं, तर डाव्या बरगडीखाली सुजलेली पाणथरी (प्लीहा) दोन बोटं हाताला लागली. पंधरा दिवसांपूर्वी ते आजोळी राहून आले होते आणि तिथे दोघांना थंडीताप होता, हे मी विचारल्यावर कळलं. ते मी आधीच विचारायला हवं होतं. हुडहुडी, ताप, मग घाम हा क्रम लहान मुलांत बरेचदा दिसतच नाही. उलट्या, जुलाब, खोकला अशा रूपात मलेरिया येतो आणि आपण भलत्याच वाटेला लागतो.

बोटाला टोचून एक थेंब मलेरियाच्या झटपट तपासणीच्या किटवर घेतला, एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचेवर. किटला पंधरा मिनिटं लागतात. सातव्या-आठव्या मिनिटाला मुलीचे डोळे फिरले, हातपाय ताठले. आकडी! त्याच बोटाच्या रक्तावर साखर पाहिली, ३४. शिरेतून ग्लुकोज दिलं, आकडी थांबली. गंभीर मलेरियात मुलांची साखर अशी झपाट्यानं उतरते. मूल शुद्धीवर नसेल तर ती तपासायला रिपोर्टची वाट पाहायची नसते.

तोवर किटवर फाल्सिपेरमची, म्हणजे मलेरियाच्या सर्वांत घातक जंतूची, रेषा उमटली होती. हिमोग्लोबिन ६.२, फारच कमी. वजन १३ किलो, म्हणजे किलोला ३ मिलिग्रॅमप्रमाणे आर्टेसुनेट हे मलेरियाचं इंजेक्शन ३९ मिलिग्रॅम. पहिला डोस लगेच, मग बाराव्या आणि चोविसाव्या तासाला. लॅबमधल्या ताईंनी सूक्ष्मदर्शकातून मला काच दाखवली: एकेका तांबड्या पेशीत बारीक अंगठ्यांसारखे दोन-दोन जंतू. ही काच मी किटइतकीच महत्त्वाची मानते. जंतू किती आहेत आणि औषधानं कमी होताहेत का, हे तीच सांगते. किटची रेषा जंतू संपल्यावरही काही आठवडे उमटत राहू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं स्वतःहून पाणी मागितलं. पुढे तोंडानं घ्यायची तीन दिवसांची औषधं दिली.

आर्टेसुनेटनंतर काही मुलांत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घटतं, म्हणून चौदाव्या दिवशी बोलावलं होतं. आई आत आली, मुलीला खुर्चीत बसवलं आणि मी काही विचारायच्या आत तिचे दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडून धरले.