दीड मीटरवरची रेघ

डिसेंबरचा पहिला आठवडा. अंजनगाव सुर्जी ते परतवाडा पट्ट्यातलं काळ्या मातीचं वावर, उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची निळी रांग. काम एका ओळीत सांगता येतं: पडद्यावर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पलीकडे एक जुनी गढी उभी दिसली पाहिजे. दर्शनी भिंत २४ मीटर, बुरूज ९ मीटर उंच, कॅमेऱ्यापासून ६० मीटरवर. गढी संगणकात बांधली जाईल. वावरातून न्यायचं ते तिचं माप, तिची जागा आणि तिच्यावरचं ऊन.

सकाळी ७

दव आहे, माती वरून ओलसर. ट्रायपॉड थेट मातीवर ठेवला तर तासाभरात एखादा पाय तीन मिलिमीटर तरी खचतोच. पायांमधलं अंतर मीटरभर धरलं तर तेवढ्याने कॅमेरा अंशाच्या सहाव्या भागाइतका कलतो. ऐकायला काहीच नाही. पण ३५ मिमीची लेन्स, ३६ मिमी रुंद सेन्सर आणि ३८४० पिक्सेलची चौकट असेल तर चित्रात सगळं ११ पिक्सेल वरखाली होतं. म्हणून प्रत्येक पायाखाली वीतभर प्लायवूडचा तुकडा, आणि तो ठेवण्याआधी ढेकळं बुटाने दाबून घ्यायची.

११ पिक्सेलची एवढी काळजी का, ते क्षितिजरेषेपाशी कळतं. सपाट जमिनीवर कॅमेरा जेवढ्या उंचीवर, तेवढ्या उंचीची प्रत्येक गोष्ट क्षितिजाला टेकते. लेन्सचा मध्य दीड मीटरवर असेल तर जवळच्या माणसाच्या खांद्यापाशी क्षितिज, आणि दूरच्या माणसाच्याही खांद्यापाशीच. चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शन म्हणून शिकवतात ते एवढंच. पुढचा सगळा हिशेब या एका रेघेला टांगलेला असतो, आणि वावरात नेमकी तीच रेघ दिसत नाही.

डोंगराचा पायथा म्हणजे क्षितिज नव्हे. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळींचे शेंडे तर नव्हेतच. ८ मीटरची बाभूळ ४०० मीटरवर असेल तर तिचा शेंडा खऱ्या क्षितिजाच्या साठेक पिक्सेल वर निघतो. संगणकावर बसलेला माणूस स्वाभाविकपणे त्या झाडांच्या ओळीवरच रेघ मारतो, आणि मग गढी जमिनीत रुतल्यासारखी नाहीतर हवेत तरंगल्यासारखी का दिसते ते दोन दिवस कोणालाच उमगत नाही.

मोबाइलमधल्या लेव्हल ॲपवर विसंबू नये. त्यात अर्धा अंश इकडेतिकडे सहज होतो. अर्धा अंश म्हणजे ३३ पिक्सेल. यापेक्षा गवंड्याची नळी भली. ३० मीटर पारदर्शक नळी, पाण्यात चिमूटभर हळद (पातळी लांबून ओळखू येते), दोन बांबू. नळीचं एक तोंड लेन्सच्या मध्याशी धरायचं, दुसरं १५ मीटरवरच्या बांबूशी, आणि पाणी स्थिरावलं की बांबूवर लाल चिकटपट्टी. एक बांबू चौकटीच्या डाव्या अंगाला, दुसरा उजव्या. चित्रात या दोन पट्ट्यांना जोडणारी रेघ हेच क्षितिज. जमीन कशीही असो, उतार कुठलाही असो. पट्टी ५ मिलिमीटर चुकली तरी चूक एका पिक्सेलच्या आसपास राहते. कॅमेरा डावी-उजवीकडे कलला असेल तर तेही याच रेघेत सापडतं. एकच पथ्य: नळीत बुडबुडा राहिला की पातळी खोटी पडते आणि वरून बघताना कळत नाही. आधी दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं, मगच नळी पसरायची.

साडेआठ

रेघ मिळाली की विजेचा खांबसुद्धा माप देतो. खांबाच्या बुंध्यापासून क्षितिजापर्यंत १२० पिक्सेल, बुंध्यापासून टोकापर्यंत ६४० पिक्सेल, कॅमेरा दीड मीटरवर. ६४० भागिले १२० गुणिले दीड: जमिनीवरची उंची ८ मीटर. अंतरही त्यातच. ३५ मिमी लेन्सचे या चौकटीत ३७३३ पिक्सेल होतात (३५ गुणिले ३८४० भागिले ३६). ३७३३ गुणिले दीड भागिले १२०, म्हणजे पावणेसत्तेचाळीस मीटर. आता क्षितिज १० पिक्सेल खाली धरून बघावं: ११० ने भागलं की तोच खांब पावणेनऊ मीटरचा. १० पिक्सेल वर धरलं तर ७.४ मीटर. प्लायवूडच्या तुकड्यांचं महत्त्व इथे आहे.

जमिनीचा उतार याहून जास्त फसवतो. काळ्या मातीची वावरं डोळ्याला टेबलासारखी सपाट वाटतात, पण पाणी नाल्याकडे वाहतं म्हणजे उतार आहेच. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तर त्याच खांबाचा बुंधा जवळपास अर्धा मीटर खाली जातो. चित्रात बुंधा ते क्षितिज १२० ऐवजी १५७ पिक्सेल भरतात, आणि सपाट जमिनीचं गणित ८ मीटरच्या खांबाला ६.१ मीटर म्हणून मोकळं होतं. अंतरही ४७ ऐवजी ३६. म्हणून गढीच्या चारही कोपऱ्यांवर नळीने पातळी घ्यायची. नळी पुरत नसेल तर टप्प्याटप्प्याने. शून्य कुठलं, हे आधी ठरवायचं. धुऱ्यावर एक खुंटी पक्की ठोकून तीच शून्य मानावी, कारण तासांमधली (पिकाच्या ओळींमधली) सरी आणि वरंबा यांच्यात वीतभर फरक असतो आणि ‘जमिनीपासून उंची’ लिहिताना प्रत्येक जण आपल्या पायाखालची जमीन धरतो.

खुंट्या ठोकण्याआधी वावराच्या धन्याला विचारावं. परवानगी हवीच, पण ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात तेही त्यालाच ठाऊक असतं. १६ मिमीची नळी पऱ्हाटीच्या पाचोळ्याखाली दिसत नाही.

साडेनऊ

गढीचा पाया आखायचा. काटकोनासाठी ६-८-१० मीटरची सुतळी, गवंडी करतात तशीच. फक्कीने रेघा मारायचा मोह होतो, कारण दुरून छान दिसतात. पण पांढऱ्या रेघा नंतर एकेका फ्रेममधून पुसाव्या लागतात. खुंट्या आणि सुतळी बऱ्या, शेवटच्या प्लेटआधी काढून घेता येतात (प्लेट म्हणजे जिच्यावर गढी बसवायची ते मूळ चित्रण). कोपऱ्यांवर ६ मीटरचे बांबू, दर मीटरला लाल चिंधी. ९ मीटरच्या टोकासाठी काही जण ड्रोन उभा करतात. त्याची उंची हवेच्या दाबावरून येते आणि अर्धा मीटर सहज चुकते, त्यामुळे त्याला मापाचा आधार मानू नये. बांबूवरून हिशेब पुरेसा आहे: ६० मीटरवर ९ मीटरचा बुरूज ५६० पिक्सेल भरणार, त्यातले ९३ क्षितिजाखाली. २४ मीटरची भिंत समोरासमोर असेल तर १४९३ पिक्सेल.

लेझर मीटरचा लाल ठिपका या उन्हात दहा-पंधरा मीटरपुढे दिसत नाही. कोपऱ्यावर पांढरा पुठ्ठा धरून बघावं, नाहीतर सरळ टेप. टेप झाडांवरून ताणला की झोळ पडतो. तो तासाच्या मधून, जमिनीलगत ओढायचा.

ट्रॅकिंग मार्कर, म्हणजे सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची हालचाल ओळखता यावी म्हणून ठेवायच्या खुणा. त्यांचा रंग हा इथला खास प्रश्न. नेहमीचे पांढरे चेंडू बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीत टाकले तर सॉफ्टवेअरला काय, माणसालाही सापडत नाहीत. भगवा किंवा भडक गुलाबी घ्यावा. आणि मार्कर झाडाला बांधू नये. पऱ्हाटी हलते, तूर तर झुळकीलाही डोलते, आणि डोलणारा बिंदू धरून काढलेला कॅमेरा स्वतःच डोलायला लागतो. बांबूवर, धुऱ्यावरच्या दगडांवर, खांबावर. काही १० मीटरवर, काही ३०, काही ६० च्या पलीकडे. सगळे एकाच अंतरावर असले तर कॅमेरा सरकला की वळला, हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.

अकरा

तूर. पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास, अशी इथली पेरणी. ४० मीटरवर असं एक तास आडवं आहे, उंची १.८ मीटर, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर जास्त. लेन्समधून निघालेली नजर तुरीच्या शेंड्यावरून ६० मीटरवर पोचते तेव्हा १.९५ मीटर उंचीवर असते. गढीचा खालचा जवळपास दोन मीटर भाग त्यामुळे दिसणारच नाही. हे वाईट नाही. भिंत मातीला कुठे टेकते ही सगळ्यात अवघड जागा झाकली जाते. बदल्यात डोलत्या तुरीचा रोटो करावा लागतो, म्हणजे फ्रेमगणिक तिची कड कापून काढावी लागते. त्यासाठी वारा पडलेला असताना एक प्लेट घ्यावी, सकाळी लवकर.

पाया दिसलाच पाहिजे असा हट्ट असेल तर कॅमेरा थोडा उचलून भागत नाही. अडीच मीटरवर नेला तरी खालचा १.४५ मीटर झाकलेलाच राहतो. पायथा दिसायला ५.४ मीटर उंची लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली पुरणार नाही. त्याला क्रेन किंवा मचाणच. हे दिग्दर्शकाला वावरातच सांगावं, नंतर नाही.

नटाच्या नजरेचंही इथेच उरकावं. ‘समोर उंच बुरूज आहे’ म्हटलं की माणूस आभाळाकडे बघतो. ६० मीटरवरच्या ९ मीटर बुरुजाचं टोक डोळ्यापासून जेमतेम ७ अंश वर असतं. २० मीटरवर उभा असेल तर २१ अंश. मधल्या बांबूवरची कुठली चिंधी बघायची, ते नेमकं सांगावं.

सव्वाबारा

सूर्य आज बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी माथ्यावर, अर्थात डिसेंबरातला माथा: क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंश. मीटरभर काठीची सावली साधारण ९५ सेंटिमीटर. प्रत्येक टेकच्या वेळी काठी ओळंब्यात उभी करायची, सावलीची लांबी आणि दिशा मोजायची, वेळ लिहायची. १०० भागिले सावलीचे सेंटिमीटर, त्यावरून सूर्याचा कोन निघतो. सावलीचं टोक धूसर असतं. मधोमध धरायचं आणि दर वेळी तसंच धरायचं. हेच दृश्य मे महिन्यावर ढकललं तर मात्र हात टेकावे लागतील. नागपूरच्या अक्षांशावर २६ मेच्या आसपास भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. वरून तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते आणि लांबच्या खांबांचे बुंधे वितळल्यासारखे हलतात. बुंधा ते क्षितिज मोजायचं तरी काय?

उजेडाची नोंद म्हणून चकचकीत गोळा आणि करडा गोळा, दोन्ही गढीच्या जागेवर नेऊन टिपायचे. कॅमेऱ्याशेजारी नाही. पऱ्हाटीवरून वर येणारा हिरवट-पांढरा उजेड तिथलाच हवा.

दुपारी ३

पऱ्हाटी चौफुलीवर लावलेली असेल तर आपलं नशीब. आडवी-उभी दोन्हीकडून तासं सरळ, डवरा (कोळपणीचं अवजार) दोन्ही दिशांनी जावा म्हणून. आपल्याला त्यातून काटकोनातले दोन व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर तासं लांबवर जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) फुकट मिळतात, आणि त्यातून लेन्सची परीक्षा होते. कॅमेरा पातळीत असेल, तर चौकटीच्या मध्यापासून दोन्ही बिंदूंची अंतरं गुणून वर्गमूळ काढायचं. डावा २१०० पिक्सेलवर आणि उजवा ६६४० वर निघाला तर वर्गमूळ ३७३४. लेन्सवर लिहिलेलं ३५ खरं आहे. आकडा बराच मोठा आला तर बहुधा कॅमेरा ४-के करताना सेन्सरच्या कडा कापतोय. पुष्कळ कॅमेरे हे गुपचूप करतात. खात्रीसाठी १० मीटरवर आडवा टेप धरावा. पूर्ण सेन्सर असेल तर १०.३ मीटर दिसतो, ६.९ दिसला तर दीडपट काप आहे आणि सकाळपासूनचे पिक्सेल नव्याने मांडायचे. त्यामुळे खरं तर ही परीक्षा सकाळीच करावी.

तासं धुऱ्याजवळ वळतात, तो भाग घेऊ नये. ट्रॅक्टरने पेरलेल्या वावरात एकाच दिशेची तासं मिळतात. तिथे दुसरी दिशा सुतळीने आखावी लागते.

कॅमेऱ्याच्या आतलं स्टॅबिलायझेशन बंद. हे कितीदाही लिहिलं तरी कमीच. सेन्सर आतल्या आत सरकतो, चौकटीचा मध्य दर फ्रेमला हलतो आणि वरचं एकही गणित टिकत नाही.

लेन्समुळे सरळ रेघांना येणारा बाक टिपायला चौकड्यांचा तक्ता लागतो. तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापून मिळतो, स्वस्त आणि मोठा. पण छापताना दुकानात माप थोडं ताणलं जातं आणि फ्लेक्सला झोळ येतो. प्लायवर ठोकून, चौकडी स्वतः मोजून, मगच वापरावा. आणि शॉटमध्ये फोकस जिथे असेल तिथेच ठेवून टिपावा, फोकस बदलला की लेन्सचं माप किंचित बदलतं.

संध्याकाळी साडेपाच

डोंगरांसमोर धुराचा आणि धुळीचा पडदा उतरतो, रांग फिकट होत जाते. गढीवर असा निळसर धूर चढवायची घाई होते, म्हणजे ती ‘बसल्यासारखी’ वाटते. ६० मीटरवरची खरी बाभूळ बघावी: तिची सावली अजून जवळजवळ काळीच आहे. गढीची सावलीही तेवढीच काळी हवी.

वहीत: लेन्स, फोकसचं अंतर, लेन्सची उंची शून्य खुंटीपासून, बांबूंची अंतरं, चार कोपऱ्यांच्या पातळ्या, काठीची सावली, वेळ. मग सुतळी, चिंध्या, बांबू काढून रिकाम्या वावराची एक प्लेट, कॅमेरा न हलवता. १४ खुंट्या ठोकल्या होत्या, १३ हातात आहेत. उद्या सकाळी बाया वेचणीला येतील, अनवाणी. चौदावी तुरीच्या तासात असणार, ईशान्य कोपऱ्याला. टॉर्च घेऊन.